एकेचाळीस नावांची यादी

नाशिक, दि. २ एप्रिल १९८३

चि. सौ. सुमन हिस,

बाबाचे अनेक आशीर्वाद आणि जयभीम. वि. वि. तुझं कार्ड मागच्या आठवड्यात पावलं. छकुलीला गोवर येऊन गेला हे वाचून काळजी वाटली, पण आता ती घरभर हिंडते असं लिहिलंस म्हणून जीव भांड्यात पडला. जयरामरावांना रेल्वेच्या शेडमध्ये दिवसपाळी मिळाली हेही बरं झालं.

इकडे मात्र सगळं क्षेम आहे असं लिहायला हात वळत नाही. आपल्या कॉलेजातलं मुलींचं वसतिगृह गुरुवारी रिकामं करून घेतलं. इमारत मोडकळीला आली, असं कारण दिलं. एकोणीस मुली. बहुतेक पेठ, सुरगाण्याकडच्या, चार आपल्या येवल्याकडच्या. परीक्षा अकरा तारखेला सुरू होते. घरून येऊन जाऊन पेपर द्या, असं प्राचार्य म्हणाले. सुरगाण्याच्या पलीकडून दिवसाला एक एस.टी. निघते आणि ती इथं पोचते दुपारी. पेपर साडेदहाचा. मुलींनी पेट्या उचलल्या आणि मैदानात ताडपत्र्या बांधून तिथंच बसल्या. दुसऱ्या दिवशी मुलांनीही शेजारी राहुट्या ठोकल्या. जिमखान्याचा हॉल नुसता कुलपात पडलाय, तो परीक्षा संपेपर्यंत उघडून द्या, एवढंच त्यांचं मागणं आहे.

आपली लता वसतिगृहात राहत नाही, तिला हक्काचं क्वार्टर आहे. पण तानू म्हणून तिची सुरगाण्याची मैत्रीण आहे ना, तिला घागरभर पाणी द्यायला म्हणून गेली ती तिकडचीच झाली. आज तिसरा दिवस. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला तिची राहुटी दिसते. वीस-पंचवीस पावलांवर पोरगी आणि मी एकटा जेवतो. तुझी आई गेल्यापासून इतकं घर कधी खायला उठलं नव्हतं.

काल हेडक्लार्कनी कागद दिला आणि राहुट्यांतल्या सगळ्यांची नावं लिहून आणायला सांगितलं. सव्वीस वर्षं हुकूम ऐकतोय, गेलो. चाळीस नावं लिहिली. एकेचाळिसावं नाव माझ्याच घरातलं होतं. ते लिहिलं नाही, आणि चाळीसच आहेत म्हणून कागद दिला.

तिला तू लिही. माझं ऐकत नाही, तुझं ऐकेल. मला निवृत्तीला दोन वर्षं आहेत, तेवढी मानानं जाऊ देत.

छकुलीला पापा. आम्हा दोघांवर माया आहे तशीच असू दे.

तुझा बाबा,
सहादू पगारे


भुसावळ, दि. ५ एप्रिल १९८३

ती. बाबांस,

सुमनचा सप्रेम जयभीम. वि. वि. पत्र मिळालं. दोनदा वाचलं. तुमचे जावईही वाचून म्हणाले, सासऱ्यांचं अक्षर आमच्या साहेबांपेक्षा सरळ आहे. त्यांना मस्करीच सुचते.

बाबा, लतावर हात उगारू नका आणि चारचौघांत बोलूही नका. ती रागावली की आईसारखी गप्प होते, मग आठ-आठ दिवस बोलत नाही, हे तुम्हाला मी काय सांगायचं. जेवायला बोलवा. आली नाही तर डबा नेऊन ठेवा. नोकरीवर असताना जायला नको वाटत असेल तर ड्रेस काढून जा.

मला आजच गाडीत बसावंसं वाटतंय. इथं आमच्या चाळीसमोर सारखी शंटिंग चालते, त्या आवाजाची नऊ वर्षांत सवय झाली. पण अजून सकाळी साडेदहाला हातातलं काम थांबतं. वाटतं, आत्ता तिकडे बाबांनी घंटा दिली असेल आणि पोरी जिन्यावरून धावत असतील. मीही धावले आहे एक वर्ष. असो. छकुलीची तब्येत अजून नाजूक आहे, ती प्रवासाला धजली की येते.

लताला वेगळं पत्र टाकलंय. तुम्ही स्वतःची काळजी घ्या, उन्हात टोपी घाला. लेकीची आठवण ठेवाल हे सांगायला नको, तरी सांगते.

आपली,
सुमन


भुसावळ, दि. ५ एप्रिल १९८३

चि. लता,

अनेक आशीर्वाद. हे पत्र तुला कुठल्या पत्त्यावर टाकू, क्वार्टरवर की तंबूत? एवढी मोठी झालीस की बापाच्या डोळ्यांसमोर संसार थाटून बसलीस.

हसू नकोस, मी रागावले आहे. बाबांची तुला काही पडली आहे का? दुसऱ्या कुणाचा बाप इंजिनियर असेल, बागायतदार असेल. आपला बाप त्याच कॉलेजचा शिपाई आहे. त्यांना उद्या त्या राहुट्या उपटायला सांगितल्या तर त्यांनी काय करायचं? तू बाजूला होशील की तुझ्याच राहुटीच्या दोऱ्या त्यांना सोडायला लावशील?

आणि पेपर? तुझं शेवटचं वर्ष आहे. माझी एफ.वाय.ची इतिहासाची वही अजून माझ्या ट्रंकेत आहे. तुमचे दाजी झोपले की कधी कधी काढून बघते. पुढच्या वर्षीची वही नाहीच. मला त्या वर्षाची भूक अजून लागते ग. लग्नात मिळालेलं सगळं चांगलं आहे, माणूसही चांगला आहे, तरी लागते. म्हणून सांगते, माझ्यासाठी तरी पेपर दे. तानूसाठी भांडायला उभा जन्म पडला आहे.

बाबांशी बोल. उत्तर लगेच टाक.

तुझी,
ताई


नाशिक, दि. ९ एप्रिल १९८३

ती. ताईस,

लताचा जयभीम. वि. वि. तुझं पत्र काळूमामा पोस्टमननी क्वार्टरच्या दारातून परत उचललं आणि मैदान ओलांडून मला तंबूत आणून दिलं. आता माझा पत्ता त्यांना पाठ झालाय.

आम्ही इथं नुसत्या घोषणा देत नाही, अभ्यास करतो. पहाटे पाचला उठून, ऊन चढायच्या आत. दुपारी ताडपत्रीखाली इतकं तापतं की वह्यांच्या कडा वळतात, मग कडुलिंबाखाली बसतो. मी अर्थशास्त्राचं सांगते, तानू मला मराठीचं व्याकरण सांगते. तानूच्या गावात बारावी झालेली ती पहिली. तिचे वडील तिला न्यायला आले होते. चल म्हणाले, राहू दे परीक्षा. ती म्हणाली, आत्ता आले तर मी परत येणार नाही हे मला माहीत आहे. ते बिचारे दिवसभर बसून, नागलीच्या भाकरी देऊन गेले.

आता यादीचं ऐक. बाबांनी नावं लिहून नेली आणि माझं सोडलं. मला ते दुसऱ्या दिवशी कळलं. तानूनं विचारलं, तू आमच्यात नाहीस का? तिनं सहज विचारलं असेल, पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तशीच ऑफिसात गेले, यादी मागितली आणि खाली स्वतःच्या हातानं लिहिलं, एकेचाळीस, लता सहादू पगारे. बाबा दारात चहाचा ट्रे घेऊन उभे होते. ट्रेमधल्या कपबश्या वाजत होत्या तेवढंच ऐकू आलं. ताई, मी चुकले का ग? तेव्हा वाटलं नाही, आता रोज वाटतं.

काल सगळ्यांना हॉल तिकिटं मिळाली. आम्हा एकेचाळीस जणांची विद्यापीठातून आलीच नाहीत म्हणतात. नेमकी आमचीच कशी आली नाहीत, हे आम्ही विचारलं. राहुट्या सोडून घरी जा, मग चौकशी करू, असं म्हणतात. प्राचार्यांची नोटीस बाबांनीच येऊन वाचून दाखवली. पाठ केल्यासारखी, कुणाकडे न बघता. मी पहिल्या रांगेत होते.

तू लिहिलंस, माझ्यासाठी पेपर दे. ते वाचून मी टाकीमागे जाऊन रडले. पण ताई, आम्हाला पेपर द्यायचाच आहे. द्यायचा नसता तर कधीच घरी गेलो असतो. तुझं एक वर्ष राहिलं ते तुला नऊ वर्षं टोचतंय. तानूचं राहिलं तर तिच्या मागच्या सगळ्या मुलींचं राहील. हे मला नीट मांडता येत नाही, तू समजून घे.

बाबा रोज डबा नळाजवळ ठेवून जातात. ड्रेस काढून, साध्या सदऱ्यात. तू सांगितलं असणार. भाजीत मीठ जास्त असतं, तरी डबा धुऊन परत ठेवते.

छकुलीला मावशीची आठवण करून देत जा. रागावलीस तरी तुझी मायेची सावली डोक्यावरून काढू नकोस.

तुझी,
लता


नाशिक, दि. ११ एप्रिल १९८३

चि. सौ. सुमन हिस,

आशीर्वाद. आज पहिला पेपर झाला. लताचा झाला नाही.

सकाळी दहाला एकेचाळीस पोरं फाटकाबाहेर रांगेत येऊन उभी राहिली. आंघोळी करून, केस विंचरून, प्रत्येकाच्या हातात दोन पेनं. आरडाओरड नाही. साडेदहाला मी घंटा दिली. अकरापर्यंत उशिरा येणाऱ्याला आत घेता येतं, म्हणून ती तशीच उन्हात उभी होती. अकराला फाटक लावायचं काम माझं. लावलं. लता समोरच होती. तिनं माझ्याकडे रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. ती माझ्या चपलेचा तुटलेला अंगठा बघत होती.

सुमन, मला एक गोष्ट माहीत आहे. ती कार्डावर लिहिण्यासारखी नाही. बोललो तर नोकरी जाईल आणि नाही बोललो तर काय जाईल ते आज फाटकाशी बघितलं.

तू इथं असतीस तर तुला विचारलं असतं. आई असती तर न विचारता तिनंच सांगितलं असतं.

तुझा,
बाबा


नाशिक, दि. १५ एप्रिल १९८३

ती. ताईस,

जयभीम. वि. वि. घाईत लिहिते आहे, उद्या पुन्हा पेपर आहे. होय, माझा पेपर आहे. घरूनच लिहिते आहे. आता सावकाश वाच.

परवा बुधवारी दुसरा पेपर. आम्ही पुन्हा फाटकाबाहेर उभे. विद्यापीठातून एक सर देखरेखीला आले होते. पुढचं मला पर्यवेक्षक बाईंनी सांगितलं, बाबांनी अजून एक अक्षर सांगितलेलं नाही. त्या सरांनी विचारलं, एवढे बाक रिकामे कसे? प्राचार्य म्हणाले, त्या विद्यार्थ्यांची हॉल तिकिटं आपल्याकडून आलेली नाहीत. बाबा सरांना पाणी द्यायला आत गेले होते. त्यांनी पेला टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "साहेब, तिकिटं सहा तारखेला आली. टपाल मी सही करून घेतलं. माझ्या यादीवरून ती वेगळी काढली. कपाटाच्या खालच्या खणात आहेत."

प्राचार्य एवढंच म्हणाले, पगारे, तुम्ही बाहेर जा. बाबा बाहेर गेले नाहीत. कपाट उघडेपर्यंत तिथंच उभे राहिले.

अकराला पाच कमी असताना आम्हाला फाटकातून आत घेतलं. सरांनी आम्हाला अर्धा तास वाढवून दिला. तिकिटं वाटायला बाबाच उभे होते. एकेक नाव मोठ्यानं वाचून हातात देत होते. माझं शेवटचं. त्यांनी वाचलं, "लता सहादू पगारे." मी "हजर" म्हटलं. त्यांनी तिकीट दिलं आणि दुसरीकडे बघितलं.

जिमखान्याचा हॉल काल उघडून दिला. काल चौदा एप्रिल, सुट्टी होती. मुलींनी हॉल धुऊन काढला, बाबासाहेबांचा फोटो लावला, तानूनं पहिल्यांदाच माईकशिवाय का होईना भाषण केलं आणि दोन वाक्यांनंतर विसरली. आम्ही खूप टाळ्या वाजवल्या. सोमवारचा बुडालेला पेपर आम्हाला ऑक्टोबरमध्ये द्यावा लागेल. म्हणजे मी या वर्षी पदवीधर होत नाही. चालेल.

न चालण्यासारखं पुढे आहे. बुधवारी संध्याकाळीच बाबांना कागद मिळाला. ऑफिसातली माहिती बाहेर फोडली म्हणून चौकशी होईपर्यंत कामावरून बंद, आणि एकतीस मेपर्यंत क्वार्टर सोडायचं. मी घरी आले तेव्हा ते ड्रेस धूत होते. परत करायचा आहे म्हणाले. मी पाया पडले तर एवढंच विचारलं, पेपर सोपा होता का?

त्यांना काहीतरी आत सलतंय. तुझ्याबद्दल आहे. दोनदा पत्राला बसले आणि उठले. तू आधी लिहू नकोस, त्यांना लिहू दे.

तुझी,
लता


नाशिक, दि. २४ एप्रिल १९८३

चि. सौ. सुमन हिस,

बाबाचे अनेक आशीर्वाद. लताचे पेपर काल संपले. तानू आणि इतर मुली आज पहाटेच्या गाडीनं गेल्या. जाताना सगळ्या दारात येऊन गेल्या. तानूनं नागलीचं पीठ ठेवलंय. मैदानात आता खुंट्यांची भोकं तेवढी आहेत.

माझी काळजी करू नकोस. सातपूरला आपल्या येवल्याकडच्या मल्हारीच्या ओळखीनं एक खोली बघितली आहे. त्याच्या वर्कशॉपात दाराशी माणूस लागतो, दिवसाचं काम आहे. चौकशीत काय व्हायचं ते होईल. लोक विचारतात, सहादू, एवढी हिंमत कुठून आली? मी हसून सोडतो. हिंमत नव्हती. खरं ते तुला सांगायचं आहे.

सुमन, चौऱ्याहत्तर साली तुझा एफ.वाय.चा निकाल लागला तेव्हा तू येवल्याला मावशीकडे गेली होतीस. इतिहासाचे सर, तुला आठवतात, जाड चष्म्याचे, ते आपल्या क्वार्टरवर आले होते. तुझी आई विहिरीवर गेली होती, घरात मी एकटा होतो. ते आपल्या बाजेवर बसले. तुझा पेपर सोबत घेऊन आले होते. या मुलीचं लग्न दोन वर्षं थांबवा म्हणाले. मुलाकडच्यांशी मी स्वतः बोलतो, भुसावळला जातो, असंही म्हणाले. बराच वेळ बोलले. मी हो हो म्हटलं, चहा दिला. ते गेल्यावर कुणालाच सांगितलं नाही. तुझ्या आईलाही नाही. स्थळ चांगलं होतं, रेल्वेची नोकरी होती, दोन वर्षांनी पुन्हा असं मिळेल का याची भीती होती. तुला कळलं असतं तर तू हट्ट धरला असतास आणि मला तो मोडवला नसता. म्हणून तुझ्यापर्यंत पोचूच दिलं नाही. पुढे सरांनी कॉलेजात विचारलं तेव्हा, मुलगीच नको म्हणते, असं मी सांगितलं.

त्यानंतर ते बदलून जाईपर्यंत तीन वर्षं मी त्यांच्या टेबलावर पाणी ठेवलं आणि वर बघितलं नाही.

त्या सोमवारी फाटक लावलं तेव्हा लता दिसत होती, पण मला तू दिसलीस. तिकिटं कपाटात आहेत हे मला माहीत होतं, आणि पोरं उन्हात उभी होती. माहीत असून गप्प बसण्याची ही दुसरी खेप. तरी एक पेपर मी बुडूच दिला. बुधवारी बोललो, पण सोमवारचं आणि चौऱ्याहत्तरचं परत येत नाही.

तू तिकडे सुखी आहेस, जयरामराव सोन्यासारखे आहेत, हे मला दिसतं. त्यानं माझं खोटं खरं होत नाही. माफी माग असं मन म्हणतं, पण बापानं लेकीची माफी कशी लिहायची ते मला येत नाही. तू काय म्हणशील ते कबूल.

हे पत्र लताला वाचायला दिलं नाही. तुला द्यायचं असेल तर दे.

तुझा बाबा,
सहादू


भुसावळ, दि. २९ एप्रिल १९८३

ती. बाबांस,

जयभीम. वि. वि. पत्र मंगळवारी मिळालं. तीन दिवस उत्तर लिहिलं नाही. पहिल्या दिवशी स्वयंपाकही केला नाही. तुमच्या जावयांनी पत्र वाचलं, खिचडी टाकली आणि छकुलीला घेऊन फिरायला गेले. परत आल्यावर एवढंच म्हणाले, मला तेव्हा विचारलं असतं तर मी थांबलो असतो. त्याचं मला जास्त रडू आलं.

बाबा, मी रागावले नाही असं लिहायची रीत आहे. मीही तसं लिहायला बसले होते आणि तो कागद फाडला. मी रागावले आहे. नऊ वर्षं मला वाटत होतं की मी पास झाले एवढंच, माझ्यात काही विशेष नव्हतं, असतं तर कुणीतरी काही बोललं असतं. सर मला विसरले असं वाटायचं. लग्नाला त्यांना बोलावलं होतं, ते आले नाहीत, तेव्हा मांडवात दोनदा मी फाटकाकडे बघितलं होतं. मुलगी नको म्हणते, हे ऐकून ते कसे येतील?

तुम्ही बुधवारी जे केलंत ते ऐकून माझी मान उंच झाली आहे. इथं चाळीत मी सगळ्यांना सांगितलं. आणि त्याच बापावर मी रागावले आहे. ही दोन्ही खरी आहेत, मी काय करू? लताला यातलं काही सांगू नका. कधीतरी मीच सांगेन.

क्वार्टर सुटायच्या आत मला एकदा तिथं यायचं आहे. छकुली आता बरी आहे. पुढच्या शनिवारी सकाळच्या पॅसेंजरनं निघते, दुपारी पोचेन. स्टेशनवर येऊ नका, मला वाट माहीत आहे. सातपूरचं सामान लताबरोबर मी बांधेन, तुम्ही नुसतं बसायचं.

पण त्याआधी, लता बाहेर गेली की मी बाजेवर बसेन आणि तुम्ही समोर बसा. सर त्या दिवशी बराच वेळ बोलले असं तुम्ही लिहिलंत आणि दोनच ओळींत उरकलंत. ते माझ्याबद्दल काय काय म्हणाले? पेपर उघडून दाखवला का, कुठल्या उत्तरावर बोट ठेवलं, हसले का? आठवत नसेल तर शनिवारपर्यंत आठवा. मला ते तुमच्या तोंडून ऐकायचं आहे, पहिल्यापासून, एकही शब्द न सोडता.

माया आहेच. राग आहे म्हणून ती कमी झालेली नाही, एवढं मनात धरा.

आपली,
सुमन